सुरक्षेचें गणित आणि मालकीचें कुलूप



आजच्या भाषणाचा विषय ऐकून तो आपणांपैकीं पुष्कळांना फार दूरचा वाटेल. अणुवीज-केंद्राच्या सुरक्षिततेचीं गणितें करणाऱ्या संगणकाच्या ज्या आज्ञावली, म्हणजे नित्याच्या बोलण्यांतील सॉफ्टवेअर, सरकारी प्रयोगशाळांत तयार होतात, त्या कोणास व कोणत्या शर्तींवर मिळाव्यात. आणि त्या गणितांत गुंतलेली कंपन्यांची खासगी माहिती किती झांकून ठेवावी, हा तो विषय. जळगांवांत अणुभट्टी नाहीं. मेहरूणच्या तळ्याकांठीं सायंकाळीं फिरावयास जाणाऱ्या गृहस्थाला अणूची आठवण होण्याचें कांहीं कारणहि नाहीं. तथापि त्याच गृहस्थाच्या घरांतला दिवा तारांच्या ज्या जाळ्यावर पेटतो, त्या जाळ्यांत भुसावळजवळच्या दीपनगरची कोळशाची वीज जशी येते, तशीच तारापूरची अणुवीजहि येते. तेव्हां त्या विजेच्या सुरक्षिततेचा हिशेब कोण मांडतो आणि तो तपासून पाहण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे, हा प्रश्न आपल्या घरचाच आहे.

प्रथम हें गणित कसलें तें पाहूं. कोळशाची भट्टी विझविली म्हणजे ती थंड होऊं लागते. अणुभट्टीचा स्वभाव निराळा आहे. तिच्यांतील विभाजनाची सांखळी तोडली तरी इंधनांत सांठलेल्या किरणोत्सर्गी द्रव्यांतून उष्णता निघतच राहते. भट्टी बंद केल्याच्या क्षणीं ही उष्णता पूर्ण शक्तीच्या सुमारें सहा-सात टक्के असते. टक्के लहान दिसतात. परंतु तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसारख्या ५४० मेगावॅट विजेच्या भट्टींत उत्पन्न होणारी उष्णता विजेच्या तिपटीहून अधिक असते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे बंद भट्टींतहि पहिल्या क्षणीं शंभर मेगावॅटच्या आसपास धग शिल्लक राहते, असें दिसून येईल. ती धग पाण्यानें सतत वाहून नेली पाहिजे. २०११ सालच्या मार्च महिन्यांत जपानांत फुकुशिमा येथें चालू असलेल्या भट्ट्या भूकंप होतांच आपोआप बंद पडल्या होत्या. अनर्थ झाला तो त्यानंतर. समुद्राच्या प्रचंड लाटेनें विजेची व्यवस्था निकामी झाली आणि ही मागें राहिलेली धग वाहून नेतां आली नाहीं म्हणून.

आतां एखादी मोठी नळी फुटली तर भट्टीचें काय होईल, हें खऱ्या भट्टीची नळी फोडून पाहतां येत नाहीं. लहान प्रमाणावर प्रयोग करावयाचे, त्यांतून निसर्गाचे नियम नीट बसवावयाचे, आणि त्यांच्या आधारें मोठ्या भट्टीचें गणित करावयाचें, एवढाच मार्ग उरतो. आज्ञावली हें काम करते. नळ्या, पंप, झडपा, इंधनाच्या कांड्या यांचे ती शेंकडों लहान लहान भाग कल्पिते आणि प्रत्येक भागांतील पाण्याचा दाब, वाफेचें प्रमाण व उष्णता क्षणाक्षणाला मोजीत जाते. अमेरिकेच्या नियमांत अशा प्रसंगीं इंधनावरील धातूच्या आवरणाचें तापमान २२०० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारें १२०४ अंश सेल्सिअस, याच्या वर जातां कामा नये अशी मर्यादा घातलेली आहे. गणिताचें उत्तर ११०० येतें कीं १३००, यावर भट्टी चालवावी कीं नाहीं हें ठरतें. यंत्र लोखंडाचें असलें तरी त्याच्यावरचा विश्वास अशा रीतीनें आंकड्यांवर उभा असतो.

असल्या आज्ञावली करणें हें एका माणसाचें वा एका वर्षाचें काम नव्हे. अमेरिकेंत ‘रिलॅप’ नांवाची आज्ञावली आयडाहो येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेंत आणि ‘मेल्कॉर’ ही सँडिया येथील प्रयोगशाळेंत, तेथील अणुनियामक आयोगासाठीं तयार झाली. दोहोंचा खर्च सरकारी तिजोरींतून झाला. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्र, अणुविद्युत् निगम आणि अणुऊर्जा नियामक मंडळ यांचे शास्त्रज्ञ हेंच काम वर्षानुवर्षें करीत आले आहेत.

मग लोकांच्या पैशानें झालेली वस्तु लोकांना मोकळी कां मिळूं नये? मेहरूणचीं बोरें खानदेशांत व खानदेशाबाहेर नांवाजलेलीं आहेत. चांगल्या बोरीचा डोळा काढून शेजाऱ्यानें आपल्या गांवठी बोरीवर भरला, तर मूळ झाडाचें एकहि फळ कमी होत नाहीं. आज्ञावलीचेंहि तसेंच. तिची एक प्रत दिल्यानें देणाऱ्याचें कांहीं उणें होत नाहीं. सरकारी संशोधनाचें असें मुक्तहस्तें वांटलेलें फळ आपल्या परिचयाचेंहि आहे. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रानें किरणोत्सर्गाच्या साहाय्यानें आणि अकोल्याच्या कृषि विद्यापीठाच्या सहकार्यानें ‘टी. ए. यू. १’ हा उडदाचा वाण निर्माण केला. १९८५ मध्यें तो प्रसृत झाला आणि महाराष्ट्रांतील उडदाच्या शेतांत त्यानें मोठें स्थान मिळविलें. बियाणें शेतकऱ्याच्या हातीं गेलें व हातोहात पसरलें. पुढें २००१ च्या वाण-संरक्षण कायद्यानेंहि शेतकऱ्याचा हा हक्क मान्य केला: संरक्षित वाणाचें बीं त्यानें राखावें, पेरावें, शेजाऱ्याशीं बदलावें, विकावें, मात्र मालकाच्या छापाखालीं तें विकूं नये.

परंतु उडीद आणि अणुभट्टीची आज्ञावली यांत भेद आहे, आणि परवान्याच्या शर्ती त्या भेदांतून जन्मल्या आहेत. पहिलें कारण दुरुपयोगाचें. भट्टीचें गणित करणारी विद्या कांहीं अंशीं शस्त्राच्या गणिताशीं नात्यांतली आहे. म्हणून देशाबाहेर ती कोणास द्यावी यावर सरकारें पहारा ठेवितात. दुसरें कारण शुद्धतेचें. हातोहात फिरलेल्या प्रतींत कोणी एखादा आंकडा बदलला, तर मूळ आज्ञावलीच्या नांवावर चुकीचीं उत्तरें खपतील. तिसरें कारण खर्चाचें. आज्ञावली सतत सुधारावी लागते, आणि तो भार वापरणाऱ्यांनींहि उचलावा ही अपेक्षा अन्यायाची नाहीं. चौथें कारण सर्वांत गुंतागुंतीचें आहे. सरकारच्या आज्ञावलींत पुष्कळदां खासगी कंपनीनें विश्वासानें दिलेले प्रयोगांचे आंकडे व यंत्रांचीं मापें अंतर्भूत असतात. तीं सरकारचीं नसल्यामुळें सरकारला तीं मोकळेपणीं वांटतां येत नाहींत.

यामुळें परवान्याच्या शर्ती सामान्यतः एका सांच्याच्या असतात. आज्ञावली अमुक संस्थेस अमुक कामासाठीं दिली आहे; तिनें ती तिसऱ्या कोणास देऊं नये; अनुमतीवांचून देशाबाहेर नेऊं नये. अमेरिकन नियामक आयोगाच्या आज्ञावली ज्या परदेशांस सहकार्य-कराराखालीं मिळतात, त्यांनीं वर्गणी तर द्यावयाचीच, पण प्रयोगांशीं ताडून पाहून आज्ञावलीची परीक्षाहि करून द्यावयाची, अशी तेथें प्रथा आहे. ही प्रथा मला फार शहाणपणाची वाटते. घेणारा येथें नुसता गिऱ्हाईक राहत नाहीं. तो परीक्षकहि होतो.

आणखी एक शर्त मात्र श्रोत्यांनीं लक्षपूर्वक ऐकावी. अमेरिकन सरकारी प्रयोगशाळांच्या आज्ञावलींबरोबर बहुधा असेंहि लिहिलेलें असतें कीं, उत्तरांच्या अचूकपणाची कोणतीहि हमी सरकार देत नाहीं व परिणामांची जबाबदारी त्याच्यावर नाहीं. सुरक्षेसाठीं केलेल्या गणितालाच हमी नाहीं, हें ऐकून कोणीहि चमकेल. पण यांत लबाडी नाहीं. वैद्यकाचा ग्रंथ लिहिणारा प्रत्येक रोग्याची हमी घेऊं शकत नाहीं; औषध देणाऱ्या वैद्यानें ती घ्यावयाची असते. त्याप्रमाणें आज्ञावली वापरून भट्टी चालविणारानें आणि त्यास अनुज्ञा देणाऱ्या नियामकानें जबाबदारी घ्यावयाची असते. मात्र ज्याच्यावर जबाबदारी त्याला आज्ञावलीचें अंतरंग पाहतां आलें पाहिजे. हमीहि नाहीं आणि आंत डोकावण्याची मुभाहि नाहीं, असा परवाना हा सुरक्षेच्या बाबतींत अंधळा व्यवहार होय.

दुसऱ्याच्या शर्तींवर मिळालेली विद्या किती काळ पुरते, याचा अनुभव आपल्या देशानें चांगलाच घेतला आहे. तारापूरचे पहिले दोन संच अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें उभारून दिले व १९६९ मध्यें ते वीज देऊं लागले. त्यांना लागणारें समृद्ध युरेनियम पुरविण्याचा करार १९६३ चा होता. १९७४ मध्यें पोखरणचा स्फोट झाला, १९७८ मध्यें अमेरिकेनें आपला कायदा बदलला, आणि इंधनाचा पुरवठा अडला. १९८२ मध्यें फ्रान्सशीं व्यवस्था करावी लागली. राजस्थानांत कॅनडाच्या साह्यानें चाललेलें काम तर त्या स्फोटानंतर अर्ध्यावर राहिलें. तेथील दुसरा संच आपल्या अभियंत्यांनीं स्वतःच्या हिकमतीनें पुरा केला आणि तो १९८१ मध्यें चालू झाला.

संगणकाच्या बाबतींतहि हेंच घडलें. हवामानाच्या अंदाजासाठीं क्रे कंपनीचा महासंगणक आपणांस १९८८ च्या सुमारास मिळाला. पण त्याचा उपयोग दुसऱ्या कामीं होऊं नये म्हणून कडक देखरेखीच्या शर्ती त्याच्याबरोबर आल्या. त्याहून शक्तिमान् यंत्र देण्यास अमेरिकेनें नकार दिला; अणूच्या व क्षेपणास्त्रांच्या गणितास तें लावलें जाईल ही भीति त्यामागें होती. त्याच १९८८ सालीं पुण्यास प्रगत संगणनाचें केंद्र, म्हणजे ‘सी-डॅक’, स्थापन झालें. अकोला जिल्ह्यांतील मुरंबा गांवीं जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ मध्यें तेथें ‘परम ८०००’ सिद्ध झाला. ट्रॉम्बे येथेंहि ‘अनुपम’ नांवाचा संगणक त्याच सुमारास उभा राहिला. नकाराचें फळ असें गोड निघालें, हें खरें. पण प्रत्येक नकार गोड होतो असें नाहीं, आणि जें आपणांस दुसऱ्यानें केलें तें आपण आपल्याच विद्यार्थ्यांस करूं नये, हा यांतील बोध आहे.

आपल्याकडील कायद्याची परिस्थिति काय आहे? १९५७ च्या ग्रंथस्वामित्वाच्या कायद्याप्रमाणें सरकारनें तयार करविलेल्या कृतीचा पहिला मालक, उलट करार नसल्यास, सरकारच असतें व ही मालकी साठ वर्षें टिकते. संगणकाची आज्ञावली या कायद्यांत साहित्यकृतींत मोडते. अमेरिकेंत सरकारी नोकरानें केलेल्या कृतीवर असा हक्क मुळींच राहत नाहीं. तथापि तेथील राष्ट्रीय प्रयोगशाळा बहुशः कंत्राटदारांकडून चालविल्या जात असल्यामुळें आज्ञावलींना हक्क चिकटतोच. आपल्या कायद्यांत एक सोय मात्र आहे. ज्याच्याजवळ आज्ञावली कायदेशीर रीतीनें आली आहे, त्याला तिच्यामागील तत्त्वें समजून घेण्यासाठीं तिच्या चालीचें निरीक्षण व परीक्षण करतां येतें. मूळ कल्पना कोणाच्याच मालकीची नाहीं, हें येथें मान्य झालें आहे.

अणुविद्येच्या बाबतींत मात्र दुसराच कायदा वरचढ असे. स्वतंत्र भारताचा पहिला अणुशक्तीचा कायदा १९४८ सालचा. घटनासमितींत त्या विधेयकावर बोलतांना कृष्णमूर्ति राव यांनीं असा आक्षेप घेतला होता कीं, इंग्लंडच्या कायद्यापेक्षां आपला कायदा अधिक गुप्तता मागतो. तेथील बंधनें संरक्षणापुरतीं आहेत, आपलीं शांततेच्या संशोधनालाहि लागूं होतात. शांततेचा उपयोग व संरक्षणाचा उपयोग यांत स्पष्ट रेषा ओढणें आपणांस कठीण वाटतें, असें उत्तर पंडित नेहरूंना द्यावें लागलें. पुढें १९६२ च्या कायद्यांतहि माहितीवरील निर्बंध कायम राहिले. डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें अणुशक्तीविषयक नवा कायदा संमत करून खासगी कंपन्यांना अणुविजेच्या निर्मितींत प्रवेश दिला. म्हणजे १९४८ चा वाद संपलेला नाहीं. उलट त्याला नवें टोंक आलें आहे. आजवर गुप्ततेचें कारण राष्ट्र हें होतें. यापुढें धंदा हेंहि कारण पुढें केलें जाईल.

धंद्याच्या गुपिताचा प्रश्न आपल्या प्रांतांतहि आलेला आहे. रत्नागिरी जिल्ह्यांत जैतापूर येथें फ्रेंच बनावटीचे, प्रत्येकीं १६५० मेगावॅटचे सहा संच योजण्यांत आले. डिसेंबर २०१० मध्यें फ्रान्सचे अध्यक्ष भारतांत आले असतां जे करार झाले, त्यांत बौद्धिक मालकीविषयीं एक आणि तांत्रिक माहितीच्या गुप्ततेविषयीं दुसरा, असे दोन स्वतंत्र करार होते. विकणाऱ्याला आपल्या विद्येची काळजी असते, हें स्वाभाविक आहे. पण भट्टीच्या शेजारीं राहणाऱ्या कोळ्याला व आंबेवाल्यालाहि आपल्या घराची काळजी असते. ती काळजी करारांत कोणत्या कलमानें मावते?

याचें एक उत्तर आपल्याच देशांत सांपडलें आहे. तामिळनाडूंतील कुडनकुलमच्या रशियन बनावटीच्या भट्ट्यांचा सुरक्षा-विश्लेषण अहवाल माहितीच्या अधिकाराखालीं मागण्यांत आला, तेव्हां त्यांत रशियन कंपनीची मालकीची माहिती आहे, या कारणास्तव अणुविद्युत् निगमानें तो देण्याचें नाकारलें. एप्रिल २०१२ मध्यें केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनीं निर्णय दिला कीं, कंपनीच्या आराखड्याचे जे तपशील खरोखर मालकीचे असतील तेवढे वगळावेत आणि बाकीचा अहवाल द्यावा. निगमानें या निर्णयास न्यायालयांत आव्हान दिलें, हें खरें. परंतु निर्णयामागची रीत विचार करण्याजोगी आहे. २००५ च्या माहिती-अधिकाराच्या कायद्यांत धंद्याचें गुपित राखण्याची तरतूद आहे. त्याचबरोबर व्यापक लोकहिताचें पारडें जड असेल तर गुपितहि उघडावें, अशीहि तरतूद आहे. एका पानावरील मापासाठीं सगळें दप्तर कुलुपांत घालावें, असें हा कायदा सांगत नाहीं.

अमेरिकन आयोगाची रीतहि या बाबतींत घेण्यासारखी आहे. कंपनीला कांहीं माहिती गुप्त ठेवावयाची असेल, तर तिनें कारणें देऊन प्रतिज्ञालेख करावा लागतो. आणि सामान्यतः अहवालाच्या दोन प्रती सादर होतात. पहिली पूर्ण, नियामकाच्या डोळ्यांसाठीं. दुसरी गुपित आंकड्यांच्या जागा रिकाम्या सोडलेली, जनतेसाठीं. रिकामी जागा दिसली तर निदान येथें कांहीं झांकलें आहे, एवढें तरी वाचणाराला कळतें.

आज्ञावलींच्या बाबतींतहि मधला मार्ग निघूं लागला आहे. आयडाहोच्या प्रयोगशाळेनें ‘मूस’ नांवाचा गणिताचा सर्वसामान्य सांगाडा २०१४ मध्यें सर्वांस मोकळा केला. त्यावर उभारलेल्या इंधनाच्या वगैरे विशेष आज्ञावली मात्र परवान्याखालींच ठेवल्या. न्यूट्रॉनांच्या प्रवासाचें गणित करणारी, अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशास्त्र-संस्थेंत उगम पावलेली ‘ओपनएमसी’ तर पूर्णपणें खुली आहे. आमच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठांतील एखाद्या विद्यार्थिनीला आपल्या टेबलावरच्या संगणकावर ती आज चालवितां येईल, तिच्या मूळ संहितेची प्रत्येक ओळ वाचतां येईल, आणि चूक आढळल्यास ती जगाला सांगतां येईल. भारत सरकारनेंहि २०१५ मध्यें शासकीय उपयोगाच्या आज्ञावलींची मूळ संहिता खुली करण्याचें धोरण जाहीर केलेलें आहे.

आमच्या जळगांवच्या सराफ-बाजारांत सोनें घ्यावयास आलेल्या बाईला कांटा कसा बनवितात हें ठाऊक नसतें, आणि तें ठाऊक असण्याची गरजहि नसते. सराफ आपल्या कारागिरीचीं गुपितें तिला सांगत नाहीं. त्याबद्दल तिची तक्रारहि नसते. परंतु वजनावर सरकारी छाप आहे आणि तोच दागिना शेजारच्या दुकानांत पुन्हा तोलून पाहतां येतो, या दोन गोष्टींवर तिचा सारा विश्वास असतो. कारागिरी गुप्त असूं शकते. तोलणें गुप्त असूं शकत नाहीं.

हाच विवेक अणुसुरक्षेला लावला पाहिजे. भट्टीच्या भागाची बनावट, मिश्रधातूचें प्रमाण, इंधनाच्या कांडीची घडण, हीं ज्याचीं गुपितें त्याचीं राहोत. शस्त्राशीं संबंध असलेलें ज्ञान तर कडेकोट असावेंच. परंतु गणित कोणत्या गृहीतांवर केलें, कोणत्या प्रयोगांशीं तें ताडून पाहिलें, उत्तर मर्यादेच्या किती आंत आलें, हें तोलण्याच्या सदरांत येतें. तें उघडें असलें पाहिजे. लोकांच्या पैशानें झालेली आज्ञावली देशांतील विद्यापीठांना अभ्यासासाठीं अल्प शुल्कांत व सुबोध शर्तींवर मिळाली पाहिजे. आणि नियामकापाशीं बाहेरच्या कंपनीच्या गणिताशीं ताडून पाहावयास स्वतःचें स्वतंत्र गणित असलें पाहिजे. कारण ज्याचा माल त्याच्याच कांट्यावर तोलून घेणें ही व्यवहारांतहि शहाणपणाची गोष्ट समजली जात नाहीं.

खासगी कंपन्यांना दार उघडलें असतां या नव्या व्यवस्थेचे परवाने व करारनामे आतां लिहिले जाणार आहेत. एकदां सही झालेलें कलम पुढें चाळीस-पन्नास वर्षें, भट्टीच्या सबंध आयुष्यभर, बदलतां येणें कठीण असतें. म्हणून तीं कलमें लिहिलीं जात असतांनाच सुशिक्षित नागरिकांनीं आपल्या प्रतिनिधींना एक साधा प्रश्न विचारावा: गुपित राखा, पण पुन्हा तोलून पाहण्याची सोय कोणत्या कलमांत ठेवली आहे, तें दाखवा. त्याचें उत्तर मागण्यास अणुशास्त्र शिकलेलें असावें लागत नाहीं.